तुझ्या पिशवीतलं माझं औषध

रविवार, ८ फेब्रुवारी २०२६
वाडी, महाळुंग्याजवळ

प्रिय सुजित,

नमस्कार. तू माझ्या मुलीच्या वयाचा. रीतीप्रमाणे आशीर्वाद लिहायला हवा, आणि आधी तसा लिहिलाही होता. मग तो कागद फाडला. नमस्कारच घे. का, ते पुढे येईल.

इकडे सगळे ठीक. काकूंचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण जिना चढणे-उतरणे थांबलेले नाही. तू राहायचास त्या खोलीत आता बीडचे एक जोडपे आहे. दोघांच्या शिफ्ट वेगळ्या. एक आत येतो तेव्हा दुसरी बाहेर पडते. काकू म्हणतात, यांचा संसार दारातच चालतो. मी रिटायर होऊन दीड वर्ष झाले. कंपन्यांच्या गेटवर भाषणाला अजून बोलावतात, मी अजून जातो आणि अजून ठरल्या वेळेपेक्षा जास्त बोलतो. तू तळेगावात नोकरीत कायम झालास हे चाकणच्या युनियन ऑफिसात कळले. त्या दिवशी मी दोन कप चहा जास्त प्यायलो.

फोन करता आला असता. पण आपला फोन कसा होतो ते तुला ठाऊक आहे. तू विचारतोस, "काका, तब्येत?" मी म्हणतो, "उत्तम." तू म्हणतोस, "मग झालं तर." दोन मिनिटांत दोघेही सुटतो. जवळजवळ सहा वर्षे आपण असे सुटत आलो आहोत. कागदावर मला कोणी मध्येच सोडवणार नाही, म्हणून लिहायला बसलो.

गुरुवारी एक गृहस्थ घरी आले. धोंडीबा नाव. चाकणला टेम्पो चालवतात, मूळचे तुमच्या जिंतूरकडचे. त्यांच्या भाचीचे, तेजस्विनीचे, तुझ्याशी जमत आले आहे असे म्हणाले. माणूस सरळ वाटला. ते तुझी चौकशी करायला आले होते. लग्न जमवताना लोक आधी नातेवाइकांना विचारतात, पण विश्वास ठेवतात तो जुन्या घरमालकावर. नातेवाइकांना पाहुणा दिसतो. घरमालकाला नळावरचा माणूस दिसतो. त्यांनी काय विचारले आणि मी काय उत्तर दिले, हे तुला कळायला हवे. पण त्यासाठी मागचे लिहावे लागेल. त्यातले निम्मे तू भोगले आहेस. उरलेले निम्मे मी तुझ्यापासून लपवले.

२०२० चा मे महिना आठव. कोरोनाने सगळे बंद. आपल्या वाडीने महाळुंग्याकडून येणारा रस्ता अडवला होता. बाभळीच्या फांद्या, एक आडवा वासा, शाळेतले मोडके टेबल. त्याला सगळे नाका म्हणायचे. नाक्याची कल्पना माझी. देवळाच्या कर्ण्यावरून भाषण केले तेही मीच. पुण्यातल्या प्लेगपासून सुरुवात केली, जगभरच्या साथींचे दाखले दिले आणि शेवटी म्हणालो, "नियम सगळ्यांना सारखा. उद्या हा उद्धव बाहेर गेला, तर परत आल्यावर त्यालाही चौदा दिवस शाळेत कोंडा." लोकांनी आपापल्या गच्चीवरून टाळ्या वाजवल्या. ज्याच्याकडे कंपनीचा पास असेल त्यालाच ये-जा. त्यानेही हात धुवायचे आणि पिशवी उघडून दाखवायची. पिशवी एवढ्यासाठी, की पासवाल्यांपैकी काही जण जेवणाच्या डब्याखालून गुटखा आणत होते.

ते भाषण मी केले तेव्हा माझ्या कपाटात, जाड पुस्तकांच्या मागे, एका डबीत बावीस गोळ्या होत्या.

हे पत्र तू एकटाच वाचणार नाहीस असे धरून लिहितो आहे, म्हणून आडपडदा ठेवत नाही. मला एचआयव्ही आहे. २०११ पासून. तेव्हा मला झोपताना रोज एक गोळी होती. गोळी चालू असली की विषाणू दबून राहतो. माणूस काम करतो, भांडतो, म्हातारा होतो. ती तुटली की विषाणू पुन्हा डोके वर काढतो, आणि मग तीच गोळी परत लागू पडेल याचा भरवसा नाही. काकूंना हा आजार नाही. त्या तेव्हाही माझ्या ताटात जेवत होत्या आणि आजही जेवतात. घरात हे फक्त आम्हा दोघांना माहीत होते. मुलीलाही नाही.

औषध पिंपरीच्या सरकारी केंद्रातून फुकट मिळायचे. तो सगळा दवाखाना कोरोनाच्या पेशंटांनी भरला. माझी कंपनी बंद, त्यामुळे मला पास नाही. गुपचूप गेलो असतो तर परत आल्यावर शाळा, आणि शाळेच्या दारातच पहिला प्रश्न, कुठे गेला होता? अशा वेळी रुपालीताईंचा फोन आला. त्या एका संस्थेत आहेत. केंद्राच्या पेशंटांची गोळी तुटू नये हे बघणे त्यांचे काम. म्हणाल्या, "सर, तुम्ही बाहेर पडू नका. तीन महिन्यांचं एकदम द्यायची परवानगी आली आहे. मी स्कूटीवर आणून देते." मी त्यांना नाक्याबद्दल काही सांगितले नाही. वाटले, नाक्यावर माझी पहाऱ्याची पाळी असताना येतील, कसे तरी जमवू.

त्या माझ्याच पाळीत आल्या. पण सोबत मारुतराव होते आणि मेडिकलवाला निरंजन होता. हे तुला आजवर माहीत नाही. स्कूटी थांबली. मास्कच्या वर ताईंचे डोळे होते. त्यांनी मला ओळखले.

"कुणाकडं?" मारुतरावांनी विचारले.

"एका पेशंटला औषध द्यायचंय."

"व्हय, पर नाव?"

"नाव सांगता येत नाही, दादा. आम्हाला तसा नियम आहे."

"नियम आमचाबी हाय की." मारुतराव माझ्याकडे वळले. "उद्धवराव, तुमीच समजावा बाईला. आमचं काय ऐकंना ती."

आणि मी समजावले. "ताई, नियम सगळ्यांना सारखा आहे. आपण परत जा."

त्या बाईने एक शब्द उच्चारला असता तर मी तिथल्या तिथे उघडा पडलो असतो. त्या म्हणाल्या, "बरं, सर." आजकाल कोणालाही सर म्हणतात, म्हणून कोणाला काही वाटले नाही. वीस किलोमीटर उन्हातून आल्या होत्या, तशाच वळल्या. सुजित, मी बोलून बंद गेटे उघडून घेतली आहेत. काढलेली माणसे बोलून कामावर परत घेतली आहेत. त्या दुपारी मी बोलून स्वतःचे औषध परत पाठवले, आणि मारुतराव म्हणाले, "याला म्हणत्यात लीडर."

घरी येऊन काकूंना सांगितले. डबीत सहा गोळ्या उरल्या होत्या. काकू बराच वेळ भांडी घासत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमी तुमचं भाषण सांभाळा. गोळीचं मी बघते."

त्यांनी ते काम तुला सांगितले, हे मला नंतर कळले. तुझी कंपनी औषधांचे खोके बनवणारी, म्हणून चालू होती आणि तुझ्याकडे पास होता. काकूंनी फोन केल्यावर रुपालीताई तुझ्या कंपनीच्या फाटकापाशी थांबल्या आणि तू त्या तीन डब्या कागदात गुंडाळून पिशवीत ठेवल्यास. लपवायचे असते तर खिशात घातल्या असत्यास. काकूंनी औषध आणायला सांगितले होते, आणि औषध लपवायचे असते हे तुझ्या डोक्यातच आले नाही.

नाक्यावर निरंजनने गुंडाळी सोडली. मी देवळाकडून येत होतो, वीस पावलांवर असेन.

"गुटखा न्हाई हा," निरंजन म्हणाला. त्याने डबीवरचे नाव वाचले, पुन्हा वाचले आणि ती टेबलावर टाकून सॅनिटायझरची बाटली उचलली. "मारुतराव, मागं सरा. एड्सचं औषध हाय हे."

"कुणाचं रं?" मारुतरावांनी तुला विचारले.

तू माझ्याकडे बघितलेस. त्या बघण्याबद्दल मी खूप विचार केला आहे. त्यात मागणी नव्हती, राग नव्हता. रस्ता ओलांडणारा म्हातारा पलीकडे पोहोचला का, हे बघावे तसे बघितलेस. मग म्हणालास, "माझंच हाय."

मी वीस पावलांवर उभा होतो आणि उभाच राहिलो.

पुढचे तुला पाठ असेल, तरी मला माझ्या हाताने लिहायचे आहे. देवळाच्या पायरीवर कमिटी बसली. पाच मिनिटांत ठरले की तुला संध्याकाळच्या आत वाडीबाहेर काढायचे. हा आजार बोलण्याने, शिवण्याने, एका नळावर पाणी भरण्याने होत नाही, हे तिथे एकट्या मला पक्के माहीत होते. मारुतराव म्हणाले, भाडेकरू उद्धवरावांचा, तेव्हा त्यांनीच सांगावं. मी आलो आणि तुला सांगितले. ते वाक्य मला अजून शब्दशः आठवते: "सुजित, सध्याची परिस्थिती पाहता, गावाच्या आणि तुझ्याही हिताच्या दृष्टीने, तू काही काळ अन्यत्र राहावंस असं सर्वांचं मत आहे." काय बांधेसूद वाक्य होते. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. त्या वाक्यात "मी" हा शब्द कुठेच नव्हता.

तू पिशवी भरलीस. डब्या काकूंच्या हातात दिल्यास. मी नळापाशी उभा होतो, तिथे आलास आणि हळूच म्हणालास, "काका, कामून तोंड पाडलंय? मला काय, मी कवाबी तपासून घेतो. निगेटिव्हच येनार. तुमचं काय येनार?" आणि वर हसलास. "आन तुमी बोलत ऱ्हावा. तुमी गप बसले की लोकाला वाटतं मोठं काहीतरी झालं."

गावातून तुला निरोप कोणी दिला नाही. काकू रस्त्याच्या वळणापर्यंत आल्या, तेही मागच्या दाराने.

आता ज्यासाठी हे पत्र आहे ते लिहितो. त्या तीन डब्यांत नव्वद गोळ्या होत्या. त्यांच्या जोरावर मी ऑगस्टपर्यंत पोहोचलो. तोवर नाके उठले, केंद्रावर जाता येऊ लागले. माझी एकही गोळी चुकली नाही, ना तेव्हा, ना नंतर. गेल्या महिन्यात तपासणी झाली, विषाणू सापडण्याइतकासुद्धा नाही. या काळात मी मुलीची मुलगी मांडीवर घेतली. अकरा कामगारांचा खटला जिंकलेला पाहिला. काकूंच्या हातची भाकरी रोज खाल्ली. हे दिवस मला कोणी दिले, असे विचारले तर सरकारने औषध दिले, रुपालीताईंनी ते वाहिले आणि तू ते आत आणलेस. तिघांत सगळ्यात जास्त किंमत तू मोजलीस, आणि मी तुला कधी "आभार" एवढाही शब्द दिला नाही. आज देतो. सुजित, मी तुझा आभारी आहे. हे वाक्य साधे आहे आणि यात "मी" आहे.

रुपालीताईंची माफी मी त्याच वर्षी मागितली. त्या म्हणाल्या, "सर, त्या आठवड्यात मी चार गावांतून परत आले. तीन पेशंट पुन्हा भेटले. चौथ्याचा फोन लागत नाही." एवढेच. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे मला जास्त लागले. साथ आली की सगळ्यांना एकच रोग दिसतो. बाकीचे रोगी जणू रजेवर गेलेत असे धरून आपण रस्ते बंद करतो. साखरेवाले, क्षयवाले, डायलिसिसवाले, आमच्यासारखे. यांचे औषध म्हणजे दया नव्हे, तो त्यांचा हक्क आहे, आणि पूर असो, संचारबंदी असो, तो अडवायचा अधिकार गावाला नाही, पोलिसाला नाही, आणि कर्णा हातात आला म्हणून कोणा भाषणबाजाला तर अजिबात नाही. गेल्या वर्षी पुण्याकडे पाण्यातून साथ पसरली तेव्हा मी ग्रामसभेत ठराव आणला: आरोग्याचे माणूस आले की वाट द्यायची, नाव विचारायचे नाही, पुडके उघडायचे नाही. एकमताने मंजूर झाला. मला हार घातला. हा ठराव मला का सुचला, हे मी त्याही दिवशी सांगितले नाही.

पण याहून वाईट एक आहे. ते लिहिताना दोनदा उठून पाणी प्यायलो.

तुझे मागचे जमत आलेले लग्न मोडले, दोन वर्षांपूर्वीचे. तू फोनवर म्हणालास, "पत्रिका जुळली न्हाई, काका." मी म्हणालो, "होतं असं." पत्रिकेचे काही नव्हते. त्या मुलीचे काका आमच्याकडे चौकशीला आले होते. काकू तेव्हा चऱ्होलीला मुलीकडे होत्या. त्या काकांनी ऐकले होते आणि मला थेट विचारले. मी म्हणालो, "मुलगा मेहनती आहे. आजाराचं म्हणाल तर मला काही सांगता येणार नाही." मी खोटे बोललो नाही, अशी स्वतःची समजूत घातली. ते काका उठून गेले. मला सांगता येत होते, सुजित. चार शब्दांचे काम होते.

गुरुवारी धोंडीबा आले तेव्हा काकू घरात होत्या. चहा देऊन आत गेल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या. धोंडीबांनी इकडचे तिकडचे बोलून मुद्दा काढला. "त्या पोराला तसला रोग हाय म्हणून तुमी काढला म्हणं. खरं हाय का?" मी काही बोलायच्या आत त्यांनी हात जोडले. "लई उपकार झाले, साहेब. तुमच्यासारखी खमकी माणसं हायती म्हणून कळतंय. न्हाईतर आमची पोर फसली असती."

तुझ्यामुळे जिवंत असलेल्या माणसाच्या घरी येऊन ते माझे उपकार मानत होते, तुला हाकलल्याबद्दल. ते जोडलेले हात मला बघवेनात.

"हात खाली घ्या," मी म्हणालो. "ते औषध माझं होतं."

"आं?"

"एचआयव्ही मला आहे. पंधरा वर्षं झाली. सुजितला काही नाही. तो माझं औषध घेऊन येत होता. पकडल्यावर त्यानं ते स्वतःवर घेतलं, आणि मी त्याला बाहेर काढलं."

धोंडीबांनी हातातल्या कपाकडे पाहिले. कप आमच्याच घरचा. मला वाटले, आता खाली ठेवतील. त्यांनी विचारले, "आजून गोळी चालू हाय?"

"रोज."

"आन काम होतंय सगळं?"

"काल गेटवर पाऊण तास बोललो."

"दीड तास," दारातून काकू म्हणाल्या.

धोंडीबा थोडे हसले. चहा संपवला. मग म्हणाले, "मी तुमचं खरं धरतो, साहेब. पर माझी बहीण न्हाई धरायची. ती म्हनल, मालकानं जुन्या भाडेकरूसाठी रचलं. तुमी हे लिहून देताल का? नावानिशी?"

मी हो म्हणालो. ते गेल्यावर काकूंना दोन वर्षांपूर्वीचे सांगितले. त्या शुक्रवारच्या जेवणापर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. मग ताट पुढे सरकवून म्हणाल्या, "लिहा त्याला. समदं लिहा. आन त्यात भाषण नगा करू." मी प्रयत्न केला आहे. मध्ये एका ठिकाणी घसरलो, ते तुझ्या लक्षात आले असेलच.

काल सकाळी दूध डेअरीवर मारुतरावांना सांगितले. चारचौघांत, मुद्दाम. त्यांचा आधी विश्वास बसेना. मग म्हणाले, "म्हंजे त्या पोराला आपण..." आणि थांबले. मी त्यांचे वाक्य पुरे करून दिले नाही. दूध मात्र त्यांनी माझ्यानंतर त्याच मापाने घेतले. संध्याकाळी मुलीला फोन केला. ती रडली, मग रागावली, मग विचारले की गोळी जेवणाआधी घेता की नंतर.

या पत्राच्या तीन प्रती मी हाताने लिहिल्या आहेत. ही तुझी. दुसरी धोंडीबांना, पण तू हो म्हणाल्याशिवाय ती त्यांच्या हाती जाणार नाही. तिसरी तुझ्या आईसाठी. येत्या शनिवारी सकाळी काकू आणि मी पिंपरीच्या वल्लभनगर स्टँडवरून एसटीने जिंतूरला निघतो आहोत. तुझ्या आईला वाचता येत नाही, हे तू एकदा सांगितले होतेस. म्हणून मी त्यांच्यासमोर बसून हे वाचेन. तुला हे नको असेल, तुझ्या आयुष्यात मी अजून ढवळाढवळ करू नये असे वाटत असेल, तर काकूंना फोन कर. आम्ही थांबू. निर्णय तुझा. मी तुझ्यासाठी एकदा निर्णय घेतला आहे, तेवढा पुरे.

तेजस्विनीच्या घरून काय उत्तर येईल, मला माहीत नाही. ते नाही म्हणाले तरी यापुढे त्याचे कारण तू असणार नाहीस. कोणीही विचारले तर हे पत्र दाखव. नाव झाकू नकोस.

ज्याचे ते औषध होते तो,
उद्धव सोनबा तुपे

साक्षीदार:
सुमन उद्धव तुपे